सहाणेला टाकी

आमच्या थोरल्याला जन्मल्यानंतरचे पहिले काही महिने लालबागच्या त्या चाळीत त्याच्या नावानं कोणी ओळखत नसे. सगळे त्याला 'पुढारी' म्हणत. दिवसभर तो शहाण्यासारखा दूध प्यायचा, झोपायचा, पंख्याविना रिकाम्या असलेल्या आढ्याकडे बघून हसायचा. पण दिवेलागण झाली, गॅलरीतल्या बायकांनी कंदिलाच्या काचा पुसायला घेतल्या, की त्याची सभा सुरू व्हायची. आधी नुसती कुरकुर, मग पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा, आणि मग असा आवाज की खालच्या मजल्यावरचा इराण्याचा पोऱ्या कपबशा तशाच ठेवून वर बघायचा. दोन-अडीच तास हे चालायचं. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गल्लीच्या नाक्यावर रोज कुणी ना कुणी टेबलावर चढून बोलायचं, आणि वरून हा. खालच्या वक्त्यानं एकदा बोलणं थांबवून हात जोडून वर पाहिलं म्हणे, आणि म्हणाला, आधी वरच्या पुढाऱ्यांचं होऊ द्या. लोक हसले. मी खोलीत दार लावून त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडत होते.

मी तेव्हा अठरा वर्षांची. साताऱ्याकडच्या गावात पाचवीत माझी शाळा सुटली, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणी नव्हतं. भावंडं सांभाळली म्हणजे मुलं कळतात असा माझा समज होता, आणि तो फार दिवस टिकला नाही. पहिलं बाळंतपण आईकडे झालं, पण आईनं जेमतेम सव्वा महिना ठेवून घेतलं. इकडे आमचे हे गिरणीच्या पाळ्या करत खानावळीचं खाऊन वाळत चालले होते. आईनं निघताना डिंकाचे लाडू बांधून दिले, बाळगुटीची चिंधी दिली, आणि एसटी हलल्यावर पदर तोंडाला लावला. मी मुंबईला आले ती प्रत्येक गोष्टीला घाबरत आणि प्रत्येक माणसाचे आभार मानत. नळावर कुणी माझी कळशी पुढे सरकवली तरी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. हा स्वभाव अजून गेला नाही. परवा लिफ्टमध्ये एका पोरानं बटण दाबून दिलं तर त्याला घरी चहाला बोलावून बसले. सून म्हणाली, आई, ते बटण त्याला स्वतःसाठीही दाबायचंच होतं.

बाळ रडतं म्हणजे आईनं काहीतरी वावगं खाल्लं, हा चाळीचा पहिला निकाल होता. पहिल्या दिवशी माझी वालाची उसळ बंद झाली. दुसऱ्या दिवशी बटाटा गेला, कारण बटाटा वातूळ. तिसऱ्या दिवशी समोरच्या शेवंताबाईंनी वांगं काढून घेतलं, अक्षरशः ताटातून, आणि चालता चालता खाऊनही टाकलं. आठवडाभरात माझ्यासाठी भात, लसूण आणि मेथीचं पाणी एवढंच उरलं. सभा मात्र वेळेवर भरत होती. मग पोरावर इलाज सुरू झाले. शेवंताबाई गिरणीच्या वाइंडिंग खात्यात कामाला, अंगानं भक्कम, त्या हिंगाचं पाणी घेऊन यायच्या आणि बेंबीभोवती लेप द्यायच्या. कमळ म्हणून एक माझ्याच वयाची, नुकतीच लग्न होऊन आलेली. तिच्या भावाचं औषधांच्या दुकानात काम, म्हणून ती बाटलीतलं औषध आणायची आणि बाटलीवरचं इंग्रजी आम्हाला वाचून दाखवायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण वाचायची झोकात. पलीकडच्या चाळीतल्या यशोदाताई शेवंताबाईंबरोबर कामाला होत्या. त्यांच्या घरानं नुकतीच दीक्षा घेतली होती, आणि दृष्ट, अंगारा, काळा दोरा यांना त्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. बाळाच्या कमरेचा दोरा पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "पोट आत दुखतंय, दोरा बाहेर बांधलाय."

या सगळ्यांच्या वर शेजारच्या काकी. मालवणकडच्या, साठीला टेकलेल्या, नवरा गिरणीतच खपलेला, दोन मुलगे गोदीत. माझ्या खोलीत आणि त्यांच्या खोलीत लाकडाचीच भिंत होती, त्यामुळे पोर पहिल्यांदा रडलं तेव्हा त्या दार न वाजवताच आत आल्या. पोराकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "गो, रडूचा तितक्या रडान घे, मगे चाय पी." मी रडून घेतलं, त्यांनी चहा केला. तेव्हापासून त्या माझ्या मुंबईतल्या आई झाल्या. घाटावरच्या पोरीला काही कळत नाही असं त्या सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं सांगायच्या, आणि तसं सांगून झाल्यावर माझ्यासाठी कुळथाची पिठी पाठवायच्या.

गुटी काकींच्या हातची. बाळगुटी म्हणजे मुळ्या, फळं, शेंगा यांचे वाळलेले तुकडे. ते आईच्या दुधात सहाणेवर उगाळायचे आणि ते पाणी बोटानं बाळाला चाटवायचं. माप चमच्याचं नाही, वेढ्यांचं. वेढा म्हणजे सहाणेवर गोल फिरवलेला एक फेरा. काकींचा हिशेब ठरलेला: "मुरडशेंग एक वेढो, वेखंड एक वेढो, जायफळ अर्धो. अर्धो म्हणजे अर्धो." जायफळानं पोर झोपतं, म्हणून त्याला हात आखडता. आणि सहाण तरी कशी! काकींच्या सासूची, तळहाताएवढी, काळी, तीन पिढ्यांच्या उगाळण्यानं अशी गुळगुळीत झालेली की तिच्यावर माशी घसरावी. "ह्या सहाणेर बावीस पोरां वाढली," असं त्या मुंबईच्या मागणीइतक्याच ठामपणे म्हणायच्या. ती सहाण त्या कुणाला देत नसत. मला मात्र दिली. रोज सकाळी पोराची आंघोळ झाली की मी ती आणायची, त्यांनी माझ्या खोलीत बसून उगाळायचं, आणि मी धुऊन, पुसून, पदरात घेऊन परत नेऊन द्यायची.

आता माझ्या आभार मानायच्या खोडीनं काय केलं ते सांगते. या बाईनं माझ्यासाठी एवढं केलं, मी तिच्यासाठी काय केलं, हा विचार मला घास गिळू देईना. लाडू दिले तर त्यांना दात नव्हते. पातळ घ्यावं तर ऐपत नव्हती. अशात एका दुपारी जिन्यावरून हाळी आली, "टाकीऽऽय! पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ!" पाटा-वरवंटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर मसाला वाटला जात नाही, नुसता सरकतो. मग ही टाकीवाली छिन्नी-हातोडीनं त्याला बारीक टोचे मारून पुन्हा खरखरीत करून देते. शेवंताबाईंचा पाटा झाला, माझा झाला. आणि माझ्या मांडीवर काकींची सहाण होती, नेऊन द्यायची राहिलेली. मी तिच्यावरून बोट फिरवलं. किती झिजलीय बिचारी, मला वाटलं. काकींना उगाळायला किती जोर पडत असेल.

टाकीवालीनं सहाण हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि मला म्हणाली, बाई, सहाणेला टाकी लावत नसतात. मला वाटलं, हिला कंटाळा आलाय. मी तिला भाकरी आणि लाडू दिला, आणि लाव म्हटलं. तिनं लाडू खाल्ला, माझ्याकडे एकदा दयेनं पाहिलं आणि टकटक सुरू केली. पाच मिनिटांत काकींच्या सासूचा दगड नव्या पाट्यासारखा झाला. मी तो धुतला, फडक्यात गुंडाळला, आणि उद्या सकाळी काकींना दाखवू, त्यांना केवढा आनंद होईल, या खुशीत फळीवर ठेवला.

पण दुसरा दिवस हरताळाचा निघाला. गिरण्या बंद, दुकानं बंद. बायकांचा मोर्चा निघणार होता. काकी पहाटेच कासोटा घालून तयार. आमचे हे तर आदल्या दिवसापासूनच कामगारांबरोबर बाहेर. काकींनी दारातूनच सांगितलं की आज गुटी तूच दे, वेढे ठाऊक आहेत ना, आणि "झालाच पाहिजे" म्हणत जिना उतरल्या. एकटीनं गुटी देण्याची माझी पहिलीच वेळ. पोराला न्हाऊ घातलं, शेगडीवर ओव्याची धुरी दिली, आणि देवासमोर बसावं तशी सहाणेसमोर बसले. मुरडशेंग एक वेढा. वेखंड एक वेढा. जायफळ अर्धा, मोजून अर्धा. रोज नुसतं गढूळसं पाणी व्हायचं, त्या दिवशी चांगलं दाट, चंदनाच्या गंधासारखं उतरलं. मला स्वतःचाच अभिमान वाटला. म्हटलं, माझ्या हाताला गुण आहे. चाटवलं सगळं. बोट निपटून चाटवलं.

आणि पोर झोपलं. साडेनवाला झोपलं ते दहाला झोपलेलं, अकराला झोपलेलं. महिन्याभरात मला असा वेळ मिळाला नव्हता. मी कपडे धुतले, भांडी घासली, केस विंचरले, गॅलरीत उभी राहून शेवंताबाईंना खुणेनं सांगितलं, झोपलाय. त्यांनी कमळला सांगितलं. कमळ चवड्यांवर चालत येऊन बघून गेली. बारा वाजता छाती भरून आली म्हणून मी त्याला जवळ घेतलं, तर त्यानं तोंड उघडलं नाही. दमला असेल, मी मनाशी म्हटलं. एक वाजता पुन्हा. मान लुळी, ओठ बंद. मी तळव्याला गुदगुल्या केल्या, त्यानं भुवई जराशी उचलली आणि परत खाली ठेवली. पण कुणाला सांगायचं? सगळी गॅलरी माझं कौतुक करत होती. आज इतक्या वर्षांनी मला त्या दीड तासाची सगळ्यात जास्त लाज वाटते. पोर उठत नव्हतं आणि मी लोक काय म्हणतील म्हणून गप्प होते.

अडीचला काकी आल्या, घसा बसलेला, चपलेचा अंगठा तुटलेला, तोंडभर हसू. झोपलेल्या पोराला त्यांनी उचललं, आणि हसू तिथंच थांबलं. बावीस पोरं वाढवलेल्या हाताला वजन कळतं. त्यांनी पोराच्या नाकाशी बोट धरलं, कान छातीला लावला. श्वास होता. तोवर शेवंताबाई आणि कमळ आल्या, त्यांच्या मागून मोर्चातूनच परतलेल्या यशोदाताई. शेवंताबाई म्हणाल्या, दृष्ट लागली, सकाळपासून आपणच झोपला झोपला करतोय. त्या मीठ-मोहऱ्या आणायला वळल्या, तर यशोदाताई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"दृष्ट रात्री काढा. आत्ता डॉक्टर. आणि याच्या पोटात जे जे गेलंय ते सगळं पिशवीत भरा."

त्या बाईचं हे बोलणं मी जन्मभर विसरणार नाही. पिशवीत गुटीची चिंधी गेली, कमळची बाटली गेली, हिंगाची डबी गेली, आणि सगळ्यात खाली सहाण. पोर काकींनी घेतलं, पिशवी मी. टॅक्सी नाही, बस नाही, रस्त्यावर दगडांचा खच. परळच्या अंगाला एक म्हातारे डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहत, त्यांच्याकडे आम्ही पाचही जणी निघालो. मी जवळजवळ धावत होते, आणि पिशवी हिंदकळून सहाण फडक्यातून सुटली आणि माझ्या मनगटावर घासली. चांगलं खरचटलं. मी मनगटाकडे पाहिलं, रक्ताचे बारीक बारीक टिपके आले होते, आणि भर रस्त्यात मला समजलं. गुळगुळीत दगडावरचा अर्धा वेढा आणि टाकी लावलेल्या दगडावरचा अर्धा वेढा. जो दगड माझी कातडी सोलतो त्यानं जायफळ किती सोललं असेल?

डॉक्टरांनी अर्धं शटर उचलून आम्हाला आत घेतलं. बनियनवर कोट घातलेला, पुण्याकडची स्वच्छ भाषा, आणि राग नावालाही नाही. पोराला टेबलावर ठेवून त्यांनी छाती तपासली, पापण्या उचलून पाहिल्या, तळव्यावर टिचकी मारली. पोरानं तोंड वाकडं केलं. डॉक्टरांना ते वाकडं तोंड आवडलेलं दिसलं. मग त्यांनी विचारलं, "याला काय काय दिलंय? खरं सांगा. मी कुणाला रागावणार नाही."

कमळ हळूच म्हणाली की बाटलीतलं एक चमचा, काल. जरा थांबून, परवापण. शेवंताबाईंनी कबूल केलं की हिंगाचा फक्त लेपच नाही, थोडं पाणी पाजलंही होतं, आई नळावर गेली होती तेव्हा. मग स्वतः यशोदाताई खाली बघत म्हणाल्या, "मी बडीशेपेचं पाणी दिलं होतं. दोन थेंब." शेवंताबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या हरताळातसुद्धा मला हसू आलं असतं. डॉक्टर प्रत्येकीला 'बरं' म्हणत होते. ते म्हणाले, हे सगळं बंद करायचंच, पण यानं एवढी गुंगी येणार नाही. आज सकाळी काय दिलं?

"माझा चुकला," काकी म्हणाल्या. आवाज बसलेला, त्यात हे वाक्य. "हिचा काय चुकला नाय, डॉक्टरानूं. मोर्चाक जाऊच्या घाईत मी हिका अर्धो सांगूचो तो दीड सांगितलंय. म्हातारी झालंय मी."

बावीस पोरांची बाई माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती. मी गप्प राहिले असते तर कुणालाही कधी कळलं नसतं. उद्या सहाण बदलली असती, टाकी झिजली असती. पण पोराला जायफळ किती गेलं हे त्या डॉक्टरांना कळायला हवं होतं, आणि ते फक्त मलाच माहीत होतं. मी पिशवीतून सहाण काढली, टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "काकींनी अर्धाच सांगितला होता. मी दगडाला टाकी लावून घेतली."

काकींनी दगडावर बोट ठेवलं. बोट सरकलं नाही.

"कित्याक गो?" त्या एवढंच म्हणाल्या.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

डॉक्टरांनी माझ्या हातानं त्या सहाणेवर जायफळाचा अर्धा वेढा काढवून घेतला, बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "ही गुटी नाही बाई, ही चटणी आहे." पण लगेच गंभीर झाले. दगडाला दोष देऊ नका, म्हणाले. वेढा हे मापच नाही. आज दगड खरखरीत, उद्या जायफळ ताजं, परवा हात जड. एवढ्या जिवाला अंदाजानं काही द्यायचं नसतं. या वयाला आईचं दूध, बाकी काही नाही. झोपेत त्याच्या तोंडात थेंबही घालायचा नाही, कुशीवर ठेवायचं, आणि सगळ्यांनी इथंच बसायचं. श्वास मंदावला तर ते स्वतः मोठ्या हॉस्पिटलात घेऊन निघणार होते, हरताळ असो नसो. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पोराच्या उशाशी ठेवलं आणि खुर्ची ओढून श्वास मोजत बसले. हल्लीच्या मुलींना मी सांगते, तुम्ही इतकंही थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आमच्याकडे त्या दिवशी तेवढा एकच माणूस होता, आणि तो हलला नाही.

साडेचारच्या सुमाराला शटरखालून एक काठी आत आली, मागून शिपाई. नायगावच्या पोलीस लाइनीतला असावा, बोली आमच्याकडचीच. म्हणाला, "पाचाच्या वर जमायला बंदी हाय. हितं काय चाललंय, मावशी?" काकींनी पोरावरची नजर काढली नाही.

"आम्ही पाचच आसंव, डॉक्टर घरचेच. सहावो निजलोहा. तो उठलो काय सगळ्यांका घेऊन चल."

शिपायानं मोजलं, टेबलाकडे पाहिलं, टोपी काढली आणि बाकाच्या टोकाला बसला. घड्याळाची टिकटिक, आणि मध्येच डॉक्टरांचं 'ठीक आहे'. मी पहिलीपासून पाचवीपर्यंत शिकलेली सगळी स्तोत्रं म्हणून संपवली आणि मग पाढे म्हणायला लागले.

बाहेर दिवे लागले. पोराचा पाय हलला. मग दुसरा. दोन्ही पाय पोटाशी गेले, मूठ वळली, चेहरा लाल झाला, आणि साऱ्या परळला ऐकू जाईल असा त्यानं टाहो फोडला. शेवंताबाई मटकन खाली बसल्या. कमळ हसत होती की रडत होती कळेना. शिपाई उभा राहिला. "सभा सुरू झाली," काकी म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. नाक्यावरून घरी चाललेल्या आमच्या ह्यांनी तो आवाज ओळखला आणि शटरखालून वाकून आत पाहिलं. पाच बायका, एक डॉक्टर, एक पोलीस, आणि मधोमध आपला मुलगा भाषण करतोय. त्यांना वाटलं, आम्हाला अटक झाली.

पोर दूध प्यायलं. मग पोट पुन्हा दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला उभं खांद्यावर घेऊन, पाठीवरून हात फिरवत, येरझाऱ्या घालून दाखवल्या. वारं अडकतं, ढेकर काढा, असंच घेऊन फिरा. दोनेक महिन्यांत हे आपसूक थांबेल, औषधानं नव्हे, वयानं. ताप आला, हिरवी उलटी झाली, दूध सोडलं तर मात्र तडक घेऊन या. आमचे हे तेव्हापासून रोज संध्याकाळी गॅलरीत पुढाऱ्याला खांद्यावर घेऊन फिरायचे. शेवंताबाईंची एक फेरी, कमळची एक, यशोदाताई कामावरून येता येता एक. आणि डॉक्टर म्हणाले तसं ते थांबलंच. एका संध्याकाळी दिवे लागले, सगळी गॅलरी तयारीत उभी राहिली, आणि तो हसला.

त्या दिवशी घरी जाताना काकी माझ्याशी बोलल्या नाहीत. दारापाशी पोर माझ्या हातात दिलं, माझ्या पिशवीतून सहाण काढून घेतली आणि आत गेल्या. मी रात्रभर उशी भिजवली. सकाळी आंघोळ झाल्यावर दाराशी त्या उभ्या, हातात वाटी. वाटीत लसूण-खोबऱ्याची लाल चटणी, चांगली बारीक वाटलेली. त्या सहाणेवरच वाटलेली. चटणीचा वाससुद्धा मला महिन्याभरात मिळाला नव्हता. खा, म्हणाल्या, डॉक्टरांनी तुला भातावर ठेवायला सांगितलेलं नाही.

ती सहाण आज माझ्याकडे आहे. काकी गेल्यावर त्यांच्या मुलानं आणून दिली, टाकीचे टोचे अजून दिसतात. त्या दगडावर तेविसावं पोर वाढलं नाही. त्यानंतर चाळीत कुणाचं बाळ रडायला लागलं आणि बाई गुटी मागायला काकींकडे गेली, की त्या तिला आत बसवायच्या, चहा द्यायच्या, आणि एकच सांगायच्या:

"जायफळ करंजेत घालूचा. पोराक खांद्यार घालूचा."